निर्णय पहिल्या पेल्याआधीचा

बंगळूर शहराच्या आग्नेय अंगास बेळ्ळंदूर नावाचे एक खेडे होते. शेजारी शहरातील सर्वांत मोठे तळे, भोवती शेती, आणि पलीकडे सर्जापूरकडे जाणारा रस्ता, एवढेच त्याचे विश्व. २००७ साली महानगरपालिकेची हद्द वाढली तेव्हा भोवतीच्या इतर खेड्यांबरोबर तेही शहरात आले. आज आउटर रिंग रोडच्या दोन्ही अंगांना संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या मागे पंधरा-पंधरा, वीस-वीस मजल्यांची गृहसंकुले. ह्या संकुलांत सगळा देश राहतो. पुण्याहून, कोल्हापुराहून, नागपुराहून, बेळगावहून आलेली मराठी कुटुंबे तेथे शेकड्यांनी सापडतील. शहाजीराजांच्या काळापासून बंगळूर मराठी माणसाला परके नाही. परंतु आजचा मराठी तरुण तेथे जहागिरीसाठी नव्हे, नोकरीसाठी जातो, आणि बहुधा एकटा जातो.

ह्या बेळ्ळंदूरचा रस्ता दिवसा फार सुरक्षित असतो असे म्हटले तर वाचकांना हसू येईल. पण त्यात तथ्य आहे. सकाळी नि संध्याकाळी तो इतका तुंबलेला असतो की वाहनाला वेग म्हणून घेताच येत नाही. रात्री अकरानंतर मात्र तोच रस्ता एकाएकी मोकळा होतो. आठवडाभराचे काम संपलेले असते, कोणाची बढती असते, कोणाचा निरोपसमारंभ असतो; कचेरीतील दहा जण मिळून जेवायला जातात, जेवणाआधी पेले भरले जातात, आणि मध्यरात्रीच्या सुमारास ती मंडळी आपापल्या मोटारीकडे वा मोटारसायकलीकडे वळतात. दिवसभर ज्या रस्त्याने जीव मेटाकुटीस आणला तो आता समोर रिकामा पसरलेला असतो. रिकामा रस्ता, थकलेले शरीर आणि पोटात मद्य, हे तिन्ही एकत्र आले की काय होते, हा आजच्या लेखाचा विषय आहे. बेळ्ळंदूर हे केवळ उदाहरण. पुण्याचे हिंजवडी, नव्या मुंबईचा पाम बीच रस्ता, किंवा सुट्टीत पर्यटकांनी भरलेला गोव्याचा किनारा ह्यांना यातील बहुतेक सर्व लागू पडेल.

प्रथमच एक खुलासा केलेला बरा. मद्य प्यावे की पिऊ नये, हा वाद येथे करावयाचा नाही. ज्यांच्या घरी ते वर्ज्य आहे त्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. कारण रस्त्यावर जो मरतो तो पिणाराच असतो असे नाही. पुष्कळदा तो पदपथावर झोपलेला मजूर असतो, रात्रपाळीहून परतणारा रखवालदार असतो, किंवा आपल्या बाजूने शिस्तीत चाललेला स्कूटरवाला असतो. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती, आणि जवळजवळ पाचांतील एक पायी चालणारा होता. ज्याच्याभोवती पत्र्याचे कवच नाही त्याचा जीव दुसऱ्याच्या शुद्धीवर अवलंबून असतो.

मद्य प्रथम काय हिरावून घेते?

पुष्कळांची अशी समजूत असते की मद्याने हातपाय लटपटू लागले, जीभ जड झाली, म्हणजेच माणूस वाहन चालविण्यास अपात्र होतो. तोपर्यंत काही बिघडत नाही. ही समजूत चुकीची आहे. तोल जाणे नि बोबडी वळणे ह्या पुढच्या पायऱ्या होत. मद्याचा पहिला आघात मेंदूतील त्या शक्तीवर होतो, जिला आपण सारासार विचार म्हणतो. धोका ओळखणे, स्वतःला आवरणे, आपल्या कुवतीचा अंदाज घेणे, ही कामे करणारी यंत्रणा आधी ढिली पडते. म्हणूनच दोन पेल्यांनंतर माणूस अधिक मोकळेपणाने बोलतो, अधिक मोठ्याने हसतो, आणि "मी अगदी ठीक आहे" असे पूर्ण प्रामाणिकपणाने सांगतो. तो खोटे बोलत नसतो. खरे काय ते ओळखणारी शक्तीच त्या वेळी जागेवर नसते.

त्याच वेळी आणखी तीन गोष्टी घडत असतात. नजर समोरच्या एका ठिकाणी खिळते आणि कडेने येणारे माणूस उशिरा दिसते. एका वेळी दोन गोष्टींकडे, म्हणजे आरशाकडे नि सिग्नलकडे, किंवा वळणाकडे नि पुढच्या गाडीकडे, लक्ष देणे कठीण होते. आणि डोळ्यांनी पाहिल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा वेळ लांबतो. ही लांबण अर्ध्या सेकंदाची असली तरी हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर कापते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे आठ मीटर, अर्थात दोन मोटारी एकापुढे एक उभ्या केल्या तर भरेल एवढे अंतर. शुद्धीवरचा चालक जेथे गाडी थांबवील, त्याच्या पुढे आठ मीटरपर्यंत पिणाऱ्याची गाडी अजून चालतच असते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला ते आठ मीटर पुरेसे होतात.

आता प्रमाणाचा विचार करू. "एकच घेतली" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. आपल्याकडील व्हिस्की वा रम ह्यांत मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे ४२.८ टक्के असते. ६० मिलिलिटरचा एक मोठा पेग घेतला तर त्यातून सुमारे वीस ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने तो उपाशीपोटी घेतला, तर त्याच्या रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये मद्यार्क सुमारे ४० मिलिग्रॅमपर्यंत चढू शकतो. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एकाच मोठ्या पेगात ती ओलांडली जाऊ शकते. वजन कमी असेल तर प्रमाण आणखी वाढते. आणि सारख्याच वजनाच्या स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असल्यामुळे तेवढ्याच मद्याने तिच्या रक्तातील प्रमाण अधिक होते.

बिअर म्हणजे काही मद्य नव्हे, अशीही एक सोयीस्कर कल्पना आहे. ६५० मिलिलिटरची कडक बिअरची बाटली आठ टक्के मद्यार्काची असेल, तर तिच्यात सुमारे चाळीस ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे दोन मोठ्या पेगांइतका. पेला उंच आहे नि रंग फिका आहे, एवढ्याने रक्त फसत नाही.

उतरते केव्हा?

चढण्याचा हिशेब लोक थोडाफार करतात. उतरण्याचा कोणीच करीत नाही. शरीरातून मद्य काढून टाकण्याचे काम मुख्यतः यकृत करते, आणि ते आपल्याच गतीने करते. रक्तातील प्रमाण साधारणपणे ताशी पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. काळी कॉफी, लिंबाचे सरबत, ताक, थंड पाण्याची आंघोळ, उघड्या खिडकीतील वारा, ह्यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. कॉफीने झोप उडते. पण झोप उडालेला मद्यपी हा मद्यपीच राहतो. पोटभर जेवल्याने मद्य सावकाश चढते हे खरे, पण आधीच रक्तात मिसळलेले मद्य नंतरच्या जेवणाने बाहेर पडत नाही.

ह्यातून निघणारा एक निष्कर्ष फार थोड्यांच्या ध्यानात येतो. मध्यरात्री ज्याच्या रक्तात १५० मिलिग्रॅम मद्यार्क आहे असा माणूस घरी जाऊन झोपला आणि सकाळी सातला उठला, तर त्याच्या रक्तात अद्याप सुमारे ४५ मिलिग्रॅम उरलेले असते. तोंड धुऊन, चहा घेऊन, इस्त्रीचे कपडे घालून तो मुलाला शाळेत सोडावयास निघतो तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो दारू पिऊन गाडी चालवीत असतो, आणि शरीराच्या दृष्टीनेही. पूर्ण उतरण्यास त्याला सकाळचे दहा वाजावे लागतील. बंगळूरच्या वाहतूक पोलिसांनी अलीकडे सकाळच्या वेळी शाळांच्या गाड्यांचे चालक तपासण्याच्या मोहिमा काढल्या, तेव्हा त्यांत काही चालक मद्याच्या अमलाखाली आढळले. त्यांच्या मागच्या बाकांवर मुले बसलेली होती, किंवा थोड्याच वेळात बसावयाची होती. आपल्या मुलाची शाळेची गाडी कोण चालवितो, त्याची कधी तपासणी होते काय, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. पालकसभेत गणवेशाच्या रंगाइतकाच हा विषय महत्त्वाचा मानला गेला पाहिजे.

अपघातांच्या शासकीय नोंदींत मद्यामुळे झालेल्या अपघातांचा वाटा लहान दिसतो, आणि तो आकडा दाखवून कित्येक जण ह्या प्रश्नाला फारसे महत्त्व देत नाहीत. पण नोंद कशी होते ते पाहावे. अपघातानंतर जखमीला रुग्णालयात नेण्याची घाई असते. प्रत्येक चालकाच्या रक्ताची तपासणी होतेच असे नाही. आणि कागदावर 'अतिवेग' हे एकच कारण लिहिले जाते. तो वेग कोणत्या पेल्यातून आला हे कागद सांगत नाही. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, जिला सारे जण निम्हान्स म्हणून ओळखतात, तेथे डोक्याला मार लागलेले रुग्ण अनेक वर्षे येत आहेत. त्या संस्थेतील अभ्यासकांनी अशा रुग्णांची पाहणी केली तेव्हा त्यांत मद्य घेतलेल्यांचे प्रमाण पोलिसी नोंदींहून पुष्कळ अधिक आढळले. मेंदूची दुखापत हाडासारखी जुळून येत नाही. हात मोडला तर तो सहा आठवड्यांनी प्लास्टरातून बाहेर येतो. मेंदूला मार बसलेला मुलगा घरी येतो तेव्हा कित्येकदा आईला तो नव्याने ओळखून घ्यावा लागतो. त्याचा स्वभाव, स्मरण, बोलणे, सारेच बदललेले असते, आणि त्याची शुश्रूषा पुढे जन्मभर घरालाच करावी लागते.

दोन पहाटे

महाराष्ट्रातील दोन घटना येथे आठवाव्याशा वाटतात. पहिली मुंबईची. १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक भरधाव मोटार पदपथावर चढली. तेथे मजूर दिवसभराच्या श्रमानंतर झोपले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक एकविशीच्या आसपासचा तरुण होता, आणि त्याच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम, आढळले. सत्र न्यायालयाने २००७ साली त्याला हयगयीने मृत्यू घडविल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती वाढवून तीन वर्षांची केली आणि गुन्ह्याचे स्वरूपही सदोष मनुष्यवधाचे ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ती कायम करताना असेही नमूद केले की शिक्षा तोकडीच आहे; परंतु ती वाढवावी म्हणून राज्याने अपील केलेले नसल्याने न्यायालय तिकडे वळत नाही.

ह्या निकालाचे महत्त्व असे की, मद्य पिऊन मोटार हाकणे हा केवळ निष्काळजीपणा नव्हे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने स्पष्ट केले. अशा वागण्याने कोणाचा तरी जीव जाऊ शकतो, हे चालकास ठाऊक असते असे कायदा मानू शकतो. "माझा तसा हेतू नव्हता" हे उत्तर मग पुरत नाही. हेतू नसेल; जाणीव होती, आणि ती असूनही किल्ली फिरविली, हाच अपराध.

दुसरी घटना पुण्याची. १९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगर भागात एका महागड्या मोटारीने मोटारसायकलीला धडक दिली आणि तीवरील दोन तरुण संगणक-अभियंते, एक युवक व एक युवती, जागीच ठार झाले. दोघेही मध्यप्रदेशातून नोकरीसाठी पुण्यास आलेले. दोघांचेही वय चोवीस. बेळ्ळंदूरच्या संकुलांत जी मुले राहतात, अगदी तशीच ही मुले. मोटार चालविणाऱ्या मुलाला अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. तो मित्रांसमवेत मद्यपान करून निघाला होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांतच जामीन दिला आणि इतर अटींबरोबर अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हा साऱ्या देशात संतापाची लाट उसळली. पुढे त्याच्या रक्ताचा नमुना बदलण्यात आला असा आरोप ठेवून पोलिसांनी शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांनाही अटक केली. कोण दोषी नि कोण निर्दोष हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे.

परंतु घर चालविणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा एक प्रश्न त्या घटनेत आहे. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती मोटारीची किल्ली घरातूनच येते. मुलगा मध्यरात्रीनंतर बाहेर आहे, कोठे आहे, कोणाबरोबर आहे, परत कसा येणार आहे, हे घराला ठाऊक असते किंवा नसते. अपघात रस्त्यावर घडतो हे खरे. पण त्याची सुरुवात पुष्कळदा दाराजवळच्या किल्ल्यांच्या खुंटीपाशी झालेली असते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याच्या कलम १८५ अन्वये रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पोलीस श्वासाची तपासणी करू शकतात. तपासणीस नकार दिल्याने सुटका होत नाही. सबळ कारणावाचून दिलेला नकार न्यायालयात त्या माणसाच्या विरुद्धच धरला जाऊ शकतो. दारूच्या अमलाखाली असताना झालेले स्वतःच्या वाहनाचे नुकसानही विमा कंपन्या सामान्यतः भरून देत नाहीत.

श्वास तपासण्याचे यंत्र आता सर्वांच्या परिचयाचे आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या पोलीसदलातील रॉबर्ट बोर्केन्स्टाइन ह्यांनी १९५४ साली असे सुटसुटीत यंत्र तयार केले, आणि त्यानंतर पोलिसांना तोंडाच्या वासावर वा चालण्याच्या ढंगावर विसंबून राहण्याचे कारण उरले नाही. रक्तातील मद्यार्काचा काही अंश फुप्फुसांतून श्वासात उतरतो, आणि त्यावरून रक्तातील प्रमाण काढता येते. बडीशेप किंवा पान खाल्ल्याने वास झाकला जाईल. यंत्रास वासाशी कर्तव्य नसते.

कायद्यातील दोन कलमे मात्र फारशी कोणास ठाऊक नसतात, आणि ती चालकासाठी नव्हे, तर त्याच्या भोवतीच्या माणसांसाठी आहेत. कलम १८८ प्रमाणे, दारू पिऊन गाडी चालविण्यास जो चिथावणी देईल वा साहाय्य करील, तोही त्याच शिक्षेस पात्र ठरू शकतो. आणि २०१९ साली आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक ह्यांस तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. जपानने २००७ साली ह्या दिशेने आणखी पुढचे पाऊल टाकले. तेथे प्यालेल्या माणसास मोटार देणारा, चालवावयाची आहे हे ठाऊक असून त्याला मद्य देणारा, आणि तो प्यालेला आहे हे जाणून त्याच्या गाडीत बसणारा, हे तिघेही गुन्हेगार ठरू शकतात. स्वीडनने तर १९९० साली आपली मर्यादा १०० मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. ह्या देशांनी जे ओळखले ते असे की, प्यालेल्या माणसाला अडविण्याची जबाबदारी त्या एकट्या माणसावर टाकून चालत नाही.

घराने काय करावे

येथेच ह्या विषयाचे मर्म आहे. मद्य प्रथम विचारशक्ती हिरावते, हे एकदा मान्य केले, म्हणजे "पिऊन झाल्यावर पाहू" हे वाक्य किती पोकळ आहे ते कळते. पिऊन झाल्यावर पाहणारा कोणी उरतच नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यातलाच तो प्रकार. परत कसे यावयाचे, हा निर्णय पहिल्या पेल्याआधी, शक्यतो घराचा उंबरठा ओलांडण्याआधी, शुद्धीवर असतानाच झाला पाहिजे. तो करण्याचे मार्ग साधे आहेत.

पहिला मार्ग म्हणजे गाडी घरीच ठेवून जाणे. बंगळूर, पुणे, मुंबई ह्यांसारख्या शहरांत रिक्षा नि भाड्याची मोटार फोनवरून बोलावता येते. चालकाची तात्पुरती सोय करणाऱ्या संस्थाही आहेत. तो येऊन आपलीच गाडी आपल्याला घरी आणून पोहोचवितो. त्याला चार-पाचशे रुपये पडले तर ते जास्त वाटतात. पण त्या रात्रीच्या जेवणाच्या बिलाशेजारी तो आकडा ठेवून पाहावा.

दुसरा मार्ग मित्रमंडळींसाठी. चार जण एका गाडीने जाणार असतील तर त्यांतील एकाने त्या दिवशी अजिबात घ्यावयाची नाही, हे आधी ठरवावे, आणि पाळीपाळीने ठरवावे. 'सर्वांत कमी घेतलेला' माणूस गाडी चालवील, ही योजना नव्हे; ती पळवाट आहे. ज्याची पाळी असेल त्याची चेष्टा होणार नाही, त्याच्यापुढे पेला सरकविला जाणार नाही, ही जबाबदारी बाकीच्यांची.

तिसरे कर्तव्य यजमानाचे. आपल्या घरी वा आपल्या खर्चाने ज्याने मद्य घेतले, तो सुखरूप घरी पोहोचेपर्यंत आपले आतिथ्य संपत नाही, असे मानले पाहिजे. आपल्याकडे पाहुण्याला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचविण्याची रीत आहे. तिचाच हा आजचा अर्थ. अशा वेळी घरातील स्त्रियांचा शब्द फार उपयोगी पडतो. "भाऊजी, गाडी राहू द्या इथेच, उद्या सकाळी उशिरा न्या. खाली रिक्षा येऊन थांबली आहे," असे वहिनीने सहज सांगितले, तर बहुधा दीर वाद घालीत नाही. मित्राने सांगितले असते तर कदाचित त्याने तो आपल्या पौरुषाचा अपमान मानला असता. गावाकडे असा शब्द टाकणारे काका, मामा, शेजारचे आजोबा असतात. बेळ्ळंदूरसारख्या नव्या वस्तीत ते नसतात; म्हणून तेथे शेजाऱ्यांनी नि सहकाऱ्यांनीच एकमेकांचे काका-मामा व्हावयास हवे.

चौथी गोष्ट तरुण मुलामुलींच्या आईवडिलांसाठी आहे, आणि ती थोडी कठीण आहे. पुष्कळ मुले अडचणीत सापडली तरी घरी फोन करीत नाहीत, कारण त्यांना रागाचे भय वाटते. मुलाने घेतली आहे हे कळल्यास घरात रामायण होईल, म्हणून तो तशीच मोटारसायकल काढतो आणि गुपचूप खोलीत शिरू पाहतो. पालकांनी एक वचन आधीच देऊन ठेवावे: "कितीही वाजलेले असोत, फोन कर. मी घ्यायला येईन, किंवा गाडी पाठवीन. त्या रात्री एक शब्दही विचारणार नाही. जे बोलायचे ते दुसऱ्या दिवशी बोलू." ह्या वचनाने पिण्यास उत्तेजन मिळेल अशी भीती काहींना वाटेल. पण बोलण्यासाठी मुलगा दुसऱ्या दिवशी समोर असला पाहिजे. शिस्तीचा विचार त्यानंतरचा. दूरच्या शहरात असलेल्या मुलाबाबत हेच वचन तेथील एखाद्या विश्वासू स्नेह्याच्या मार्फत पाळता येते.

पाचवी गोष्ट कचेऱ्यांनी करण्याची आहे. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्यांना घरी पोहोचविण्यासाठी ह्या कंपन्या गाड्या ठेवतात. मग त्याच कंपनीच्या खर्चाने झालेल्या मेजवानीनंतर कर्मचाऱ्याने स्वतः गाडी हाकीत जावे, हे विसंगत आहे. मेजवानीच्या निमंत्रणातच परतीच्या गाड्यांची सोय लिहिलेली असावी, आणि पंक्तीत मद्य न घेणाऱ्यालाही मानाने बसता यावे.

आपल्याकडे आषाढातील अमावास्येला घरोघर दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. त्याच दिवशी, उद्यापासून श्रावण म्हणून, 'गटारी' साजरी करण्याची एक चाल पडली आहे. होळीची संध्याकाळ, ३१ डिसेंबरची रात्र, लग्नाआधीची हळद, ह्या वेळाही तशाच. हे दिवस दिनदर्शिकेत आधीपासून छापलेले असतात. ते अचानक येत नाहीत. म्हणून त्या दिवसांपुरती तरी घरातील वडीलधाऱ्यांनी सकाळीच विचारणा करावी, की आज कोण बाहेर जाणार, आणि परत कसे येणार. उत्तर समाधानकारक असेल तर ठीक. नसेल तर गाडीची किल्ली त्या संध्याकाळी देवघरातील पाटावर, दिव्यांच्या शेजारी ठेवावी. ती तेथून उचलताना घरातल्या कोणाशी तरी दोन शब्द बोलावेच लागतात, आणि त्या वेळी ते बोलणारा माणूस शुद्धीवर असतो.